दोन खाचा

भार्गवी मॅडमनी टेबलावर मांडलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून नेमका खिशाचा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिला.

"हा नको, मास्तर."

गंगाधर मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. सकाळपासून खपून त्यांनी कुर्त्याचा पॅटर्न काढला होता. चाळीस वर्षं ते दुसऱ्यांचे गणवेश कापत आले होते. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांतल्या वाढप्यांचे. आपल्याच कारखान्यातल्या बायकांसाठी गणवेश कापायची ही पहिलीच वेळ.

"खिसाच नको?"

"बायकांच्या कुर्त्याला नको. नव्या पॉलिसीत तसंच आहे. पुरुषांच्या शर्टाला छातीवर एक ठेवा. त्यांना पेन लागतं."

पॅकिंगमधल्या बाप्यांना पेन कशाला लागतं, असं विचारावं म्हणून मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्याच तोंडाने ते म्हणाले, "माझंच चुकलं. आधी विचारायला हवं होतं."

चुकलं काहीच नव्हतं. पण हे वाक्य मास्तरांच्या जिभेवर बसलेलं होतं. कुणी त्यांच्या अंगावर चहा सांडला तरी ते हेच म्हणत. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या आधी ते ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक उघडत, आणि काय वाचताय म्हणून कुणी विचारलं की चोरी पकडल्यासारखे ते मिटून टाकत. निवृत्तीचं वय उलटूनही मालकांनी ठेवून घेतलं होतं, तेही त्यांना आपल्यावरचे उपकारच वाटत.

भार्गवी मॅडमना पुण्याहून येऊन तीन महिने झाले होते. कामगारांचं सगळं त्या बघत. हातात कायम फाइल, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा आणि पेन. एवढा संसार दोन हातांत मावत नसे. म्हणून जिथे उभ्या राहतील तिथे काहीतरी ठेवत आणि विसरून जात. आताही पॅटर्नवर वाकताना त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"आणि कडेला हे बारीक काय आखलंय?"

"खाच." मास्तरांचा आवाज जरा मोकळा झाला. कामाचं विचारलं की तो तसा होई. "कापताना कडेला कात्रीने एवढीशी खाच द्यायची. मशीनवरच्या बाईसाठी खूण. एक असली, की इथलं तिथं जुळवायचं. बाजूच्या शिवणीवर दोन असल्या, की मधलं शिवायचं नाही, उघडं सोडायचं. ते खिशाचं तोंड. कुणी जाऊन सांगावं लागत नाही. हाताला खाच लागते आणि हात थांबतो."

"छान आहे," मॅडम मनापासून म्हणाल्या. "पण आता खिसा नाही, तर त्या दोन्ही नकोत."

"नकोत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खोडरबर घेतलं. मॅडम गेल्यावर त्यांचा मोबाइल घेऊन ते ऑफिसपर्यंत मागे गेले.

*

नवे नियम वाचून दाखवायला दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला तो पत्र्याचा हॉल एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. सत्तर बायका पदराने वारा घेत उभ्या होत्या.

मॅडमनी समजावून सांगितलं. शाळेच्या शर्टांच्या मालात तुटकी सुई सापडली, म्हणून बेंगळुरूच्या कंपनीने गाडी परत पाठवली होती. पुढच्या महिन्यात त्यांचा माणूस तपासणीला येणार. तोवर सगळ्यांना गणवेश. बायकांना बिनखिशाचा निळा कुर्ता, सलवार आणि टोपी; पुरुषांना छातीवर एक खिसा असलेला शर्ट. कामावर अंगावर कोणतीही वस्तू नको. पिशवी, चंची, मोबाइल, सगळं गेटवर जमा करायचं.

"सुई कुटं सापडली म्हनं, म्याडम?"

विचारणारी कस्तुराबाई होती. सांगोल्याकडची, धनगराची. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, बाकीचं आयुष्य मशीनवर. बाजूची शिवण घालण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

"शर्टात सापडली, मावशी."

"शर्टात न्हवं. शर्टाच्या पुडक्यात, टाचणीशेजारी. आन पुडकं कोन बांदतंय? पॅकिंगचे बाप्ये. मंग त्यास्नी खिसा, आन झडती आमची?"

बायकांत हसू फुटलं. सुपरवायझर सिद्धराम "ए, गप बसा की गं" म्हणून ओरडला.

"झडती नाही, मावशी. सुरक्षिततेसाठी आहे."

कस्तुराबाईने कमरेची चंची काढली आणि सगळ्यांसमोर उलगडली. सुपारीची दोन खांडं, घराची किल्ली आणि पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेला गुळाचा खडा.

"हे बगा माजं घबाड. मला साखर हाय. रोज सुई टोचून घेती. कदी साखर लई उतरली, की डोळ्याम्होरं अंदारी येती. मंग ह्यो खडा तोंडात टाकायचा. ह्यो आता कुटं ठेवू? केसात खोवू?"

"टोपी आहे की मावशी," शेजारच्या मशीनवरची प्रियंका म्हणाली. "मालक टोपी कशाला देतायत मग?"

पुन्हा हसू. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "प्रथमोपचाराच्या पेटीत गूळ ठेवू. पेटी सिद्धराम साहेबांच्या टेबलाशी राहील. मागितला की मिळेल."

"मागून?" कस्तुराबाई चंचीची दोरी आवळत म्हणाली. "म्याडम, दुष्काळात भाकरी मागून खाल्ली न्हाय आमी. आता गूळ मागून खाऊ व्हय?"

"हे बघा, मीसुद्धा हाच कुर्ता घालणार आहे. नियम सगळ्यांना सारखा."

"सगळ्यास्नी न्हाय, म्याडम. बायास्नी."

मास्तर मागे कापडाच्या ठाणांना टेकून उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या शर्टाला दोन खिसे होते, एकात खडू, दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. वाचताना घसा कोरडा पडतो म्हणून ते गोळ्या बाळगत.

*

पुढच्या सोमवारपासून चंच्या गेटवर जमा होऊ लागल्या. चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मास्तर खडूने आखत होते आणि मध्येच थांबले. इतक्या मशीनींच्या घरघरीत एक आवाज कमी झाला होता.

कस्तुराबाई मशीनवर बसली होती, पण पाय हलत नव्हता. कपाळावर घाम. डोळे समोर, पण समोरचं काही बघत नव्हते. उजवा हात तेवढा पुन्हा पुन्हा कमरेशी जात होता, चाचपत होता आणि रिकामा परत येत होता.

"मावशी! ए मावशी!" प्रियंका ओरडली आणि पेटीकडे पळाली. पेटीला कुलूप.

"सिद्धराम साहेब कुठायत?"

"बँकेत गेलेत."

"आणि किल्ली?"

"त्यांच्या खिशात असंल की!"

मास्तर कधी चालू लागले ते त्यांनाच कळलं नाही. त्यांनी खिशात हात घातला, दोन गोळ्यांचे कागद सोडले आणि कस्तुराबाईच्या तोंडात घातल्या. "चावा. चावा, कस्तुराबाई." जन्मात त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. प्रियंकाने कँटीनमधून साखरेचं पाणी आणलं. दहा मिनिटांनी कस्तुराबाईची नजर ठिकाणावर आली. तिने आधी पदर सारखा केला.

"काय दिलं मास्तर? लिमलेट?"

"हो."

"तुमाला खिसा हाय म्हनून बरं."

"माझंच चुकलं," मास्तर म्हणाले.

"तुमचं काय चुकलं त्यात?"

नेहमी या वाक्यानंतर कुणी काही विचारत नसे. मास्तर उत्तर शोधत उभे राहिले. ते त्यांच्या टेबलावर होतं, पुठ्ठ्यावर, खोडरबराने पुसलेल्या दोन रेघांत.

संध्याकाळी त्यांनी धीर करून ऑफिसचं दार ढकललं.

"मॅडम, तो खिसा..."

"मास्तर, मला कळतं हो." मॅडम खरोखरच अस्वस्थ दिसत होत्या. "पेटीचं कुलूप मी काढायला लावलंय. पण पॅटर्न कंपनीने मंजूर केलाय. त्यावर खिसा नाही. आता मी काय करू?"

"बरं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडम कुर्ते कधी कापणार ते विचारायला आल्या आणि जाताना पेन विसरून गेल्या. मास्तरांनी ते परत नेऊन दिलं नाही. बराच वेळ ते नुसतं त्या पेनाकडे बघत बसले. मग जेवणाच्या सुट्टीत प्रियंकाला हाक मारली.

"हात ठेव बघू या कागदावर."

"कशाला? भविष्य बघताय होय मास्तर?"

"माप," मास्तर म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

"नवरा कसा मिळंल तेवढं बघा की!"

त्यांनी तळव्याभोवती खडू फिरवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि वर हात आत जाऊन बाहेर यायला लागते तेवढी जागा. साडेसहा इंच.

*

सोमवारी मास्तर सातलाच आले. हॉलमध्ये झाडणाऱ्या मायाक्काशिवाय कुणी नव्हतं. निळ्या कापडाचे चाळीस थर, एका थरात दोन कुर्ते, शनिवारीच पसरून ठेवले होते. पॅटर्न ठेवला, आखलं, कापणीची मशीन फिरवली. पुढचा भाग सुटा झाला, मागचा सुटा झाला. सगळं मंजूर झालेल्या पॅटर्नबरहुकूम, रेघभर इकडेतिकडे नाही.

मग त्यांनी वडिलांची कात्री काढली. मूठ झिजून त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झाली होती. कुणी सांगितली नाही अशी एकही खाच चाळीस वर्षांत त्यांनी दिली नव्हती. ते थांबले. पाणी प्यायले. पुन्हा आले. बगलेपासून साडेनऊ इंचांवर एक, तिथून साडेसहावर दुसरी. मग दुसरी बाजू. मग मागच्या भागाच्या थप्प्या.

बाहीच्या गोलाईपाशी कापड नेहमी वाया जातं. त्यातून त्यांनी तळव्याच्या मापाचे तुकडे काढले. प्रत्येक गठ्ठ्याच्या तळाशी ते घातले आणि सुतळीने बांधून टाकले. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं: पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या, कॉलर. एवढंच.

दहा वाजता गठ्ठे मशीनींवर गेले. मास्तर पुस्तक उघडून बसले. पान उलटत नव्हतं.

कस्तुराबाईने पुढचा आणि मागचा भाग जुळवला आणि सवयीने कडेवरून बोट फिरवत नेलं. बोट थांबलं. तिने कापड डोळ्यांजवळ धरलं. मग गठ्ठा उलटा केला आणि तळाचे तुकडे बोटांनी चाळले. तिथून तिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मास्तरांच्या टेबलाकडे पाहिलं. मास्तरांनी पुस्तकात मान आणखी खाली घातली.

ती प्रियंकाच्या कानाशी वाकली. प्रियंका पलीकडे वाकली. रांगेच्या शेवटाला बसणाऱ्या तेलुगू बायकांत तेच त्यांच्या भाषेत गेलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग मशीनी सुरू झाल्या.

बाजूची शिवण एका दमात जाते. बगलेपासून खालपर्यंत एकच लांब आवाज. त्या दिवशी तो मध्ये तुटत होता. थोडा घर्र, मग शांत, मग पुन्हा घर्र. एका मशीनवर, दुसऱ्या, तिसऱ्या. मास्तरांना पुस्तकातली एकही ओळ कळली नाही, पण हे सगळं कळलं.

"मशीन का अडकायलंय गं सारखं?" सिद्धरामने येता येता विचारलं.

"दोरा तुटतोय की, साहेब," प्रियंका म्हणाली.

*

तपासणीच्या दिवशी हॉल निळा झाला होता. मॅडम तेवढ्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या; त्यांचा कुर्ता मास्तरांनी सगळ्यांत शेवटी घेतला होता आणि तो अजून इस्त्रीत होता. बेंगळुरूचा माणूस रांगेतून फिरला, मशीनी पाहिल्या, टोप्या पाहिल्या. कुर्ते अंगावर सरळ बसले होते. बाहेरून पाहणाऱ्याला बाजूची शिवण म्हणजे शिवणच दिसत होती.

तो कस्तुराबाईपाशी आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिने मशीन थांबवली. कुर्त्याच्या बाजूला हात घातला, कागदाची पुडी काढली, गुळाचा खडा मोडून तोंडात टाकला आणि पुडी होती तिथे परत ठेवली. घाई नाही, लपवाछपवी नाही. मग ती पुन्हा शिवू लागली. पाहुण्याला त्यात काही वेगळं दिसलं नाही. तो पुढच्या मशीनकडे वळला. मॅडम मात्र जागीच उभ्या राहिल्या.

पाहुण्यांचा चहा सुरू झाला तशा त्या परत आल्या.

"मावशी, उभ्या राहा."

कस्तुराबाई उभी राहिली. मॅडमनी शिवणीवरून हात फिरवला. हात आत गेला. त्यांनी प्रियंकाची शिवण पाहिली. तिसरीची. चौथीची पाहायची गरज उरली नाही.

"कुणी केलं हे?"

"बाजूची शिवन माजी हाय," कस्तुराबाई म्हणाली. "माजं नाव लिवा."

"माझं पण लिहा," प्रियंका म्हणाली. "पाटील नको, नुसतं प्रियंका लिहा. सासरचं नाव अजून ठरायचंय."

यावेळी कुणी हसलं नाही. रांगेतल्या मशीनी एकेक करून थांबल्या आणि बायका उठून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात खिशांत घालून.

मॅडम मास्तरांच्या टेबलाशी आल्या. फाइल, मोबाइल, किल्ल्या, सगळं त्यांनी टेबलावर ठेवलं.

"मास्तर, कुर्त्यांवर खाचा आहेत. पॅटर्नवर नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "कापताना कात्री घसरली असेल. त्या बिचाऱ्यांनी खाचा बघितल्या आणि जागा उघडी सोडली. चुकून झालं. हो ना? मी तसं लिहून देते. मग कुणालाच काही होणार नाही. तुम्हाला पण नाही."

मास्तरांच्या जिभेवर वाक्य तयारच होतं. चार शब्दांचंही नव्हतं ते. त्यांनी शेजारी पडलेला एक कुर्ता ओढला, गळ्यातला टेप काढला आणि शिवणीवर धरला.

"बगलेपासून साडेनऊ," ते म्हणाले. आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. "तोंड साडेसहा. दुसरी बाजू बघा. साडेनऊ. साडेसहा. कात्री घसरली तर एकदा घसरते, मॅडम. मोजून घसरत नाही."

"मास्तर, मी काय म्हणतेय ते समजून घ्या."

"समजलं. तुम्ही लिहा. काय लिहायचं ते लिहा. फक्त चुकून असं लिहू नका. कापणी बरोबर आहे."

त्यांनी टेबलाखालून एक घडी काढली. नुकताच इस्त्री होऊन आलेला निळा कुर्ता. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात नाव होतं.

"हा तुमचा. राहिला होता."

मॅडमनी तो घेतला, उलगडला नाही. फाइलवर कुर्ता, कुर्त्यावर मोबाइल, मोबाइलवर किल्ल्या असा डोलारा छातीशी धरून त्या गेल्या. पेन टेबलावर राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपलं सामान आवरलं. फार नव्हतंच. वडिलांची कात्री फडक्यात गुंडाळली, टेपची गुंडाळी केली, ग्रंथालयाचं पुस्तक पिशवीत घातलं. कस्तुराबाई लांबून बघत होती. ती मशीन थांबवून आली आणि एक लिमलेटची गोळी टेबलावर ठेवून परत गेली.

दहाला पाच कमी असताना भार्गवी मॅडम आल्या. त्या टेबलाशी थांबल्या.

"मालक आलेत, मास्तर. ऑफिसात बोलावलंय."

"येतो," मास्तर म्हणाले. "एकट्याला?"

"नाही. मलापण."

मास्तरांनी गोळी खिशात टाकली. मॅडमचं कालचं पेन टेबलावर होतं, ते त्यांनी उचलून पुढे केलं. आणखी काय राहिलंय म्हणून सवयीने त्यांची नजर टेबलावरून फिरली. मोबाइल नव्हता. किल्ल्या नव्हत्या. फाइल नव्हती.

त्यांनी वर पाहिलं. मॅडमनी निळा कुर्ता घातला होता. त्यांनी पेन घेतलं आणि न बघता बाजूला सोडून दिलं. ते खाली पडलं नाही.

"चला," त्या म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.